नऊ नंबरचा प्रश्न

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने काटा धरला की मी भाजीकडे नाही, त्याच्या करंगळीकडे बघते. हा गुण थोडा वडिलांकडून आला. ते साताऱ्याहून येऊन इथल्या मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे, आणि कुठलाही छापील कागद समोर आला की म्हणायचे, "कागद सोताहून बोलत न्हाय. त्येला कुनीतरी बोलाय लावलेलं असतंय." उरलेला संशय शाळेने शिकवला. इतकी वर्षं चौथीला गणित शिकवलं. काही पोरं पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उत्तर बघायची आणि मग वरची रीत मागून जुळवायची. उत्तर बरोबर, रीत सगळी बनावट. ते ओळखायला मला दोन ओळी पुरायच्या. म्हणून रिटायर झाल्यावर जेव्हा एका सल्लागार कंपनीचा फोन आला की घरोघरी जाऊन सर्व्हे करायचाय, अनुभवी शिक्षक हवेत, तेव्हा मी हो म्हटलं ते एवढ्याचसाठी, की दुसऱ्या कुणी भरलेल्या फॉर्मवर माझा काडीचा विश्वास नाही.

सर्व्हे सारसोळ्याचा होता. गावाच्या मागे खाडीच्या कडेने भिंत घालून चालायला ट्रॅक करायचं वर कुठेतरी ठरत होतं, आणि त्याआधी गावातल्या लोकांच्या पोटापाण्यावर काय परिणाम होईल ते तपासायचं होतं. चांगली गोष्ट. आधी विचारा आणि मग बांधा, हे आमच्याकडे एवढं दुर्मीळ की मला तिथेच पहिला संशय आला. पण ट्रेनिंग बरं झालं. कंपनीचे साहेब माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे, बोलायला गोड. त्यांनी तीन नियम फळ्यावर लिहिले. प्रश्न छापलाय तसाच विचारायचा. उत्तर येईल तसंच लिहायचं. स्वतःचं डोकं मध्ये घालायचं नाही. मला हे नियम फार आवडले. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी शिस्तीत काम करतंय.

त्या फॉर्मवर नऊ नंबरचा प्रश्न होता, "कुटुंबातील कोणी मासेमारी करते का?" पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. आणि खाली बारीक अक्षरात, उत्तर 'नाही' असल्यास थेट प्रश्न सतरावर जावे.

गावात मी एकच घर आधीपासून ओळखत होते. सानपाड्याला आमच्या सोसायटीच्या गेटशी एक मावशी पाटी घेऊन बसते. चिंबोऱ्या, निवट्या, कधी कालवं, कधी मूठभर कोळंबी. मावशी म्हणते खरी, पण वयाने आम्ही बरोबरीच्या. ती मला बाय म्हणते. मी चिंबोरी उलटी करून, पोटाला बोट लावून घेते, म्हणून ती मला चारचौघांत "पोलीस" म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक लग्न होऊन उलव्याला गेली, आणि ही एकटी आपल्या घरात आपल्या जिवावर राहते. सर्व्हेला तिच्या दारात गेले तर तिला कोण आनंद! खुर्ची पुसून दिली.

मी छापल्याप्रमाणे विचारलं, "कुटुंबातील कोणी मासेमारी करते का?"

"नाय गो बाय. बोट कवाच इकली. सासरे होते तवर मासेमारी होती."

मी 'नाही'वर खूण केली आणि सतरावर गेले. "तुम्ही काही काम करता का?"

"कसला काम? काम म्हंजे कंपनी. मी घरीच."

मी 'गृहिणी' लिहिलं. तिची पाटी तिथेच ओसरीत वाळत घातलेली होती. मला दिसली. अगदी स्वच्छ दिसली. आणि तरी मी लिहिलं, कारण नियम होता, डोकं मध्ये घालायचं नाही. त्याआधीच्याच आठवड्यात तिच्या चिंबोऱ्यांचं कालवण मी दोन वेळा पुरवून खाल्लं होतं.

बाकीच्या घरांतही तसंच. काही दारांना कुलूप. तीनदा फेरी मारायची आणि मग 'घर बंद' लिहून पुढे जायचं, असा नियम. मी तीनदा गेले, तीनदाही सकाळीच, कारण दुपारचं ऊन मला सोसत नाही. 'घर बंद' लिहिलं. पुढे गेले.

काही महिन्यांनी अहवालाचा सारांश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. लोकांनी अंगठे वर केले. सकाळी चालायला जागा होणार म्हणून कोण आनंद. मी सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचलं. तिथे लिहिलं होतं की सदर गावातील कोणतेही कुटुंब उपजीविकेसाठी खाडीवर अवलंबून असल्याचे आढळून आले नाही, सबब भिंत अखंड बांधण्यास हरकत नाही.

माझं डोकंच फिरलं. आढळून आलं नाही? अरे, रोज माझ्या गेटशी बसते ती काय चिंबोऱ्या दुकानातून आणते? मला शंभर टक्के वाटलं, पाणी इथेच मुरतंय. ज्याला भिंत बांधायचीय त्यानेच कंपनी नेमली, कंपनीने त्याला हवं ते लिहून दिलं. उत्तर आधी, रीत मागून. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी कंपनीच्या ऑफिसात होते. साहेबांना म्हटलं, मी भरलेले फॉर्म मला आत्ताच्या आत्ता दाखवा, कुणी खाडाखोड केलीय ते मला बघायचंय.

ते नाही म्हणतील अशी तयारी करून गेले होते. त्यांनी लगेच कपाट उघडलं. गठ्ठा समोर ठेवला आणि वर चहा सांगितला. इतक्या सहज देतायत म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला.

मी एकेक फॉर्म उलटत गेले. सगळीकडे माझं अक्षर. एकही खाडाखोड नाही. नऊ, नाही. नऊ, नाही. घर बंद. नऊ, नाही. गृहिणी. घर बंद. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही, शाळेच्या दाखल्यावर करायचे तशी, खाली रेघ ओढून. चहा समोर निवत होता. चोर शोधायला निघालेली बाई आपल्याच घरात येऊन उभी राहिली होती.

तरी मी सोडते होय! विचारलं, "हा नऊ नंबरचा प्रश्न कोणी लिहिला?"

"टीमने, मॅडम."

"टीममधलं कोणी खाडीवर गेलं होतं?"

"सॅटेलाइट इमेज पाहिल्या होत्या ना आम्ही."

"मग त्यात कोण दिसलं?"

"मॅडम, सॅटेलाइट इमेजमध्ये माणसं नाही दिसत," साहेब म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून हसले. "आणि प्रश्न आम्ही लिहिला असेल, पण विचारलात तुम्ही. तुम्हाला खटकला असता तर सांगायचं होतं."

त्या प्रश्नात 'मासेमारी' हा शब्द अडाणीपणाने पडला की मुद्दाम पेरला, हे मला आजही माहीत नाही. मुद्दामच पेरला असं माझं मन सांगतं, पण माझं मन काय, ते दूधवाल्याबद्दलही तेच सांगतं. पुरावा नाही. पुरावा होता तो फक्त माझ्या सहीचा.

तिथून उठले ती थेट सारसोळ्याला मावशीच्या दारात. सगळं सांगितलं. तिने आधी ऐकून घेतलं आणि मग भडकली, पण माझ्यावर नाही, शब्दावर. "मग मी काय खोटा सांगितला? मासेमारी म्हंजे बोट, जाला, बापयांचा काम. आमी बायका खाडीन जाताव. चिखलान उतरताव, हातान धरताव. त्याला काय कोन मासेमारी म्हनतं?"

तसंच होतं ते. गावातल्या कुठल्याच बाईने त्याला मासेमारी म्हटलं नसतं. कामही म्हटलं नसतं. ते 'खाडीत जाणं' होतं, जसं मी 'स्वयंपाकाला लागणं' म्हणते. आणि सकाळी ज्यांच्या दाराला कुलूप होतं त्या कुठे होत्या? ओहोटी होती. खाडीत होत्या. म्हणजे जी बाई खाडीत होती ती 'घर बंद', आणि जी खाडीतून परत आली होती ती 'गृहिणी'.

"भिंत झाली तर?" मी विचारलं.

"तर काय. ही एकच वाट हाय खाली उतरायला. लेकीच्या दारान जाऊन बसायचा." तिने पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. "मी जानार नाय पन. मेले तरी जावयाच्या भाकरीवर जगनार नाय."

मी ठरवलं, आता विचारायचं नाही. बघायचं. वाटेच्या तोंडाशी, जिथे गल्ली संपते आणि तिवरांची झाडी लागते, तिथे बसायचं आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत रोजच्या दिवसाच्या ओहोटीला कोण उतरलं, किती वाजता, वर कधी आलं, पाटीत काय होतं, एवढंच लिहायचं. कुणी नेमलेलं नाही, कुणाचं पत्र नाही. पंधरवडाच का, तर ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावास्येला सकाळी उजाडता-उजाडता पाणी ओसरतं, पंचमी-षष्ठीला ते अकराच्या पुढे जातं, अष्टमीला दुपार. हे मला मावशीने बोटांच्या पेरांवर शिकवलं. घड्याळ तिच्याकडे नाही, तिथी पाठ आहेत.

आणि इथे एक पंचाईत झाली. आता मलाही उत्तर आधीच ठाऊक होतं. मला हवं ते उत्तर मला पाहिजेच होतं, आणि मी रीत मागून जुळवायला बसले होते! साहेबांवर जो संशय घेतला तो आता माझ्यावर घ्यायला हवा होता. म्हणून मी स्वतःला नियम घातले. जिला ओळखते तिला दोनदा मोजायचं नाही. नुसती काठावर उभी राहिली तर लिहायचं नाही. पाटी रिकामी आली तर रिकामीच लिहायची. आणि खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, तेव्हा पंधरा दिवस मावशीकडून काही घ्यायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती खाडीतून वर आली आणि दोन दणदणीत चिंबोऱ्या माझ्या पिशवीत टाकायला लागली. मी हात मागे घेतला. म्हटलं, "नको मावशी, आत्ता नको. मोजणी होईपर्यंत नाही."

"का? माजा हात बाटला काय?"

"तसं नाही हो. उद्या कुणी म्हणेल, हिने खाऊन लिहिलं."

"इतकी वरसं खाल्लीस तवा नाय कोन म्हटला!" असं म्हणून ती पाय आपटत गेली. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही. जाताना नाही, येताना नाही. मी मात्र तिचं येणं-जाणं मिनिटावर लिहीत होते. जिवाला फार लागलं माझ्या. पण वहीत ते लिहायला रकाना नव्हता.

त्याहून वाईट झालं ते दशमीला. गावात मोठी हळद होती. सकाळपासून बँजो आणि सगळं गाव मांडवात. ओहोटी आली आणि गेली, वाटेवर चिटपाखरू नाही. मी वहीत तारीख घातली आणि समोर शून्य लिहिलं. मावशी हिरव्या साडीत, केसांत अबोलीचा गजरा माळून मला जेवायला बोलवायला आली होती. अबोला तिने हळदीपुरता सोडला होता. तिने वहीत वाकून पाहिलं. अक्षर येत नाही, पण शून्य कुणालाही कळतं.

"शून्य?" ती म्हणाली. "बाय, रोजच्यासारका लिव ना काहीतरी. कोन बघाया येनार हाय?"

"कोणी उतरलं नाही तर काय लिहू?"

"तू आमची हायस का त्यांची?"

मी म्हटलं, "कुणाचीच नाही, म्हणून तर इथे बसलेय." मला वाटलं, फार बाणेदार बोललो आपण. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हळदीचं जेवण काही माझ्या घशाखाली उतरलं नसतं. मी गेलेच नाही.

भिंतीबद्दलच्या हरकती ऐकायला सरकारी सुनावणी लागली. तिला आम्ही दोघी वेगवेगळ्या रिक्षांनी पोचलो. अधिकारी मध्यमवयीन, कंटाळलेले. कंपनीचे साहेब होतेच. मी वही पुढे केल्यावर साहेब अगदी नम्रपणे उठले आणि म्हणाले, "सर, एक नोंद घ्यावी. मूळ सर्व्हेवरही याच मॅडमची सही आहे. त्यात मासेमारी नाही, यात रोज आहे. दोन्ही यांच्याच हातचं."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, मग आधीचं खोटं की आत्ताचं?"

वर्गात उभी राहते तशी उभी राहिले. म्हटलं, "दोन्ही खरं आहे, साहेब. आधी मी विचारलं होतं. आता मी पाहिलंय. आणि आधी विचारलं ते चुकीचं विचारलं, ही चूक माझी."

ते वही चाळायला लागले. मला वाटलं, आता मिटतील आणि बाजूला ठेवतील. एका पानावर थांबले. "हे शून्य काय?"

"त्या दिवशी गावात हळद होती. कोणी उतरलं नाही."

"मग लिहिलं कशाला?"

"कारण कोणी उतरलं नाही."

त्यांनी एकदा वहीकडे आणि एकदा साहेबांच्या गुळगुळीत अहवालाकडे पाहिलं. "यांच्या अहवालात यांच्याच अंगावर येईल अशी एकही गोष्ट नाही," ते म्हणाले. "तुमच्यात आहे." आणि त्यांनी टिपण लिहायला घेतलं की भिंत अखंड नको, उतरायच्या वाटेवर गेट ठेवावं. मावशी मागच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर तिने माझा दंड असा घट्ट धरला की वळ उठला. रिक्षा आम्ही एकच केली.

मी फुशारले होते, खोटं कशाला बोलू. संशयी माणसाला जिंकायची सवय नसते. भिंत झाली, ट्रॅक झाला, गेटही लागलं, हिरव्या रंगाचं, मजबूत. मावशीचा निरोप आला, बाय, गेटाला बोर्ड लावलाय, वाचून दे. मी सकाळी नऊच्या सुमाराला गेले. पंचमी होती. सात-आठ बायका पाट्या घेऊन उभ्या, पाणी अजून ओसरत होतं. मी बोर्ड मोठ्याने वाचला. "प्रवेशद्वाराची वेळ, सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते सात."

यातली सकाळची वेळ मी ओळखत होते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अमावास्येपासूनचे तीन दिवस होते, आणि त्या तीन दिवसांत बायका सहाच्या पुढे उतरून दहाच्या आत वर आल्या होत्या. हेच ते. एवढी पंधरा दिवसांची वही, तिचं पहिलंच पान कुणीतरी वाचलं होतं आणि पुढे मिटून ठेवलं होतं. अडाणीपणा की लबाडी? परत तेच!

मावशीने पेरांवर मोजलं. "आज पानी अकराच्या पुढं सुकनार. मंग वर यायाला बारा-साडेबारा." तिने वॉचमनला विचारलं, "दादा, दहाला टाला लावशील?"

"लावायलाच लागणार, मावशी. वरून ऑर्डर हाय. तुमी जावा हवं तर, पण दहाच्या आत या."

"जायाला गेट हाय," मावशी मला म्हणाली. "यायाला?"

परत अर्ज, परत सुनावणी, परत तोच गठ्ठा, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. ते करणारच होते मी. पण भरती काही माझ्या अर्जासाठी थांबणार नव्हती. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं, साडीचा काष्टा खोचला आणि उतरली. तिच्यामागे बाकीच्या उतरल्या. मी एकेक मोजली आणि लिहिली.

मग गेटाच्या मधोमध, जिथे दोन्ही दारं येऊन मिळतात, तिथे जमिनीवर पिशवी घातली आणि फतकल मारून बसले. दहा वाजले. वॉचमन कुलूप घेऊन आला आणि बिचारा उभाच राहिला.

"मॅडम, उठा ना. टाइम झाला."

"नाही उठता येणार, दादा," मी म्हटलं. "आठ आत गेल्यात. वर एकही आलेली नाही. माझी मोजणी चालू आहे."